पहिली पोहोचलेली होडी

आगीचे डोंगर नुकतेच शांत झाले होते, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट.

अटलांटिक महासागरात अशा डोंगरांनी घडवलेली काही बेटं होती. एका बेटावर गोड्या पाण्याचा झरा होता. पलीकडच्या बेटावर नुसती काळी राख. तिथल्या माणसांसाठी आणि त्यांच्या शेळ्यांसाठी दोघी जावा आपापल्या शिडाच्या होडीतून पाण्याची पिंपं नेत.

धाकटीला शीड बांधायला थोरलीनंच शिकवलं होतं. पण आता धाकटीच आधी पोहोचे. पलीकडची पोरं "धाकटी काकी आली!" म्हणून नाचत, तेव्हा थोरलीचा जीव जळे.

"पाणी एकाच झऱ्याचं. मग कौतुक तिचंच का?" ती मनाशी धुसफुसे.

एका कडक उन्हाळ्यात दोघी बरोबरच निघाल्या. अर्ध्या वाटेवर धाकटीची होडी पुढं सरकली.

"जाऊबाई, या सावकाश! मी पुढं जाऊन चूल पेटवते!" धाकटी हसत ओरडली.

ती थट्टा थोरलीला झोंबली. ओझं कमी झालं तर होडी वेग घेईल, हे तिला ठाऊक होतं. तिनं एक पिंप समुद्रात उपडं केलं.

"एकानं काय होतंय!"

होडी बरोबरीला आली. मग दुसरं पिंप. होडी जराशी पुढं गेली. पण मागं धाकटीचं शीड फुगलेलं दिसलं, की थोरलीचा हात पुन्हा पिंपाकडं जाई. किती उरली, हे तिनं पाहिलंच नाही.

ती पहिली पोहोचली. पाणी साठवायच्या टाक्या आटल्यामुळं सगळं बेट हंडे-कळश्या घेऊन किनाऱ्यावर उभं होतं.

"थोरली काकी आली! आज थोरली काकी आधी!" पोरं नाचली. हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते.

एक म्हातारी होडीत वाकली. "बाई गं, पाणी कुठाय?"

थोरलीनं वळून पाहिलं, तर एकही पिंप भरलेलं नव्हतं.

मागून धाकटी आली. तिनं रिकामी होडी पाहिली. मग आपलं पाणी वाटू लागली. माणसांना घोटघोटच मिळालं. शेळ्यांना थेंबही उरला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या एकेक करून खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

म्हातारीनं आपली वाटी थोरलीपुढं धरली. "तूही उन्हातनं आलीस. पी."

थोरलीनं वाटी ओठांपर्यंत नेली आणि तशीच म्हातारीच्या हातात परत ठेवली.

बाळांनो, मत्सर माणसाला पुढं नेतो खरा, पण रिकाम्या हातांनी.