नावाडणीने नाही म्हटले

ही गोष्ट आहे फार फार पूर्वीची. सूर्य जिथे वर्षभर डोक्यावर तळपतो अशा एका देशात एक नदी होती. इतकी रुंद, की पैलतीरावरची माणसे मुंग्यांएवढी दिसत. त्या देशावर समुद्रापलीकडच्या परक्यांनी पिढ्यानपिढ्या राज्य केले. शेवटी लोकांनी त्यांना गलबतांत बसवून परत पाठवले आणि आपल्यातल्याच एका म्हाताऱ्या गुरुजींना गादीवर बसवले.

गुरुजी भले होते, पण त्यांचे कारभारी भले नव्हते. सरकारी कोठारातली बाजरी त्यांच्या घरी जाऊ लागली. लोक कुरकुरू लागले.

तेव्हाचा सेनापती परक्यांच्या फौजेत साधा शिपाई म्हणून वाढलेला. धिप्पाड, हसतमुख, कुस्तीत कधी न हरलेला. बाजारात आला की भाजीवालीची थट्टा करी, पोरांना खांद्यावर घेई. एका सकाळी त्याने राजवाड्याला वेढा घातला, गुरुजींना तळघरात कोंडले आणि चौकातल्या गोरखचिंचेच्या अवाढव्य झाडाखाली उभा राहून म्हणाला, "मला गादी नको. सुगीपर्यंत राज्याची घडी बसवतो, मग माझा मी छावणीत परत."

लोक आनंदाने नाचले. घाटावरच्या नावाड्यांची प्रमुख एक विधवा होती. तीही नाचली. ही गोष्ट तिने पुढे कधी लपवली नाही.

सुगी झाली. सेनापती परत गेला नाही. दुसऱ्या सुगीला त्याने स्वतःला 'नद्यांचा स्वामी' ही पदवी दिली, तिसऱ्या सुगीला 'सिंहांचा सिंह'. पदवीगणिक एक पदक. अंगरख्यावर जागा उरली नाही तेव्हा त्याने अंगरखाच लांब करून घेतला.

पण बळाने गादी घेणाऱ्याला झोप लागत नाही. पाऊल वाजले तरी त्याला वैरी आल्यासारखे वाटते. न्यायाधीश म्हणाले, "चौकशीविना गुरुजींना कोंडता येत नाही," आणि न्यायाधीश दिसेनासे झाले. नावाडणीचा धाकटा भाऊ बाजारात एवढेच बोलला, "सुगी तर तीनदा झाली." त्या दिवशी तो घरी जेवायला आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

मग सेनापतीने समुद्रापलीकडून येऊन याच मातीत रुजलेल्या कापडवाल्यांना देशाबाहेर हाकलले आणि त्यांची दुकाने आपल्या सरदारांना वाटली. सरदारांना विकणे ठाऊक होते, पण माल आणायचा कुठून ते ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत फळ्या रिकाम्या झाल्या. कापड गेले, तेल गेले, शेवटी मीठही मिळेना.

अळणी जेवणारे लोक आता उघड बोलू लागले. सेनापतीने त्यावर तोड काढली. "आपले मीठ पैलतीरावरच्यांनी पळवले," अशी त्याने दवंडी पिटवली आणि फौज घेऊन तो घाटावर आला.

"म्हातारे, नावा काढ," तो म्हणाला. "उद्या सकाळी फौज पलीकडे उतरली पाहिजे."

"सरकार, पलीकडे माझी लेक दिली आहे," नावाडीण म्हणाली. "तिच्या दारी मी वऱ्हाड नेले. फौज नेणार नाही."

"मुंडके उडवीन."

"उडवा. मग वल्हे कोण मारणार?"

सेनापती हसला. त्याला वाटले, सकाळपर्यंत बाई वठणीवर येईल. पण बाईने नावाड्यांना गोळा केले. कुणी म्हणाले, "आपण चार गरीब माणसे. त्याच्यापुढे आपला काय पाड?" ती म्हणाली, "माझा भाऊ एकटा बोलला, म्हणून एकटा गेला. आपण सगळे मिळून गप्प बसलो, तर उद्या आपल्या हातांनी लेकीसुनांचे रक्त सांडेल."

पहाटे सगळ्या नावा पैलतीराला लागल्या. घाटावर उरली ती एकटी नावाडीण, वाळूत मांडी घालून बसलेली.

फौज आली. तीन हजार भाले आणि एकही नाव नाही. सेनापतीचा चेहरा लालबुंद झाला. "पोहून जा," त्याने हुकूम सोडला.

पुढच्या रांगेतल्या एका मिशाळ शिपायाने पाण्याकडे पाहिले. "सरकार, मध्ये मगरी आहेत आणि पलीकडे माझी आत्या आहे. मी जात नाही."

"या बाईला मारा."

कुणी हलले नाही. मिशाळ शिपायाने भाला वाळूवर ठेवला आणि नावाडणीशेजारी जाऊन बसला. मग दुसरा बसला, मग दहा, मग शंभर. सूर्य वर येईपर्यंत सगळी फौज खाली बसली होती आणि सेनापती एकटा उभा होता. त्याने घोडा मागितला. मोतद्दाराने लगाम सोडला नाही.

एव्हाना घाटावर जमलेल्या लोकांनी दगड उचलले, तेव्हा नावाडीण पुढे झाली. "मेलेला माणूस उत्तर देत नाही," ती म्हणाली. "मला उत्तर हवे आहे."

तळघरातून गुरुजी बाहेर आले, वाळलेले पण जिवंत. गोरखचिंचेखाली तेरा दिवस न्यायसभा बसली. एकेक घर पुढे येई आणि एकच प्रश्न विचारी, "आमचा माणूस कुठे आहे?" सेनापतीला प्रत्येक घराला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. नावाडणीला कळले की भाऊ टेकडीमागे पुरला आहे. ती तिथे गेली, पोटभर रडली, परत आली. सेनापतीला जन्मठेप झाली.

गुरुजींनी गादी पुन्हा घेतली नाही. लोकांनी नवा राजा निवडला आणि कारभारावर नजर ठेवायला बारा पंच नेमले. हाकलून दिलेले कापडवाले परत आले. त्यांना आणायला नावाडीण स्वतः गेली. पहिली नाव मिठाची होती. ती घाटाला लागली तेव्हा दोन्ही तीरांवर ढोल घुमत होते आणि वल्हे मारणाऱ्यांत तो मिशाळ शिपाईही होता.

तात्पर्य: हुकूम सोडणारा एक असतो आणि पाळणारे हजार; हजारांनी मिळून नाही म्हटले, की एकाचे काही चालत नाही.