भंडाऱ्याची शपथ

"मग सांगा ना बुवा, आमचं काम चांगलं की नाही?"

शिदबानं तिसऱ्यांदा विचारलं. म्हाळूबुवा खंडोबाच्या देवळाच्या ओट्यावर दिमडीचं कातडं तापवायला उन्हाला धरून बसले होते. उत्तर द्यायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

शिदबा काही ऐरागैरा नव्हे. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना वठणीवर आणायचा त्यानं विडाच उचलला होता. माणसाला देवापुढं उभं करायचं, मूठभर भंडारा उचलायला लावायचा आणि वदवून घ्यायचं: पुन्हा बायकोवर हात उचलला तर माझ्या घरादाराचं वाटोळं होवो. चार गावांत हाच परिपाठ चालला होता, आणि स्वारीची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं लागेनात.

"वर्ष झालं बुवा. एका बाईची तक्रार नाही."

"एकीचीही नाही?"

"एकीचीही! आता उद्या त्या मार खाऊन माहेरी आलेल्या कौसाला सासरी धाडतोय. पोरगी नको म्हणते, आईला सोडत नाही. पण नवऱ्यानं काल भंडारा उचलला की! आता कसली भीती?"

बुवांनी दिमडी उलटून पुन्हा उन्हाला धरली.

"बुवा... बोला की."

बुवा उठले. गाभाऱ्यापुढच्या ताटातला भंडारा त्यांनी मुठीत घेतला.

"खंडेराया, या शिदबावर मी कधी हात उगारणार नाही. उगारला तर माझे हातपाय झडोत."

आणि भिंतीला टेकवलेली काठी उचलून त्यांनी शिदबाच्या पाठीत घातली. चांगली सणसणीत!

"आई गं!"

शिदबा कळवळलाच. वीस वर्षांच्या सहवासात बुवांनी त्याला साधी टपली मारली नव्हती.

आवाज ऐकून गुरवाची सखूकाकू देवळामागून धावत आली. "अगंबाई, काय झालं रे शिदबा? ओरडलास का?"

शिदबानं बुवांकडं पाहिलं. खरं सांगावं, तर देवाची शपथ मोडली म्हणून म्हाताऱ्याची गावभर छीथू होणार. आणि देव खरंच कोपला तर? सत्तरी ओलांडलेलं माणूस...

"काही नाही काकू. पाय घसरला."

"बघून चालावं रे बाबा," म्हणत काकू आल्या पावली परत गेली.

ओट्यावर दोघंच उरले. शिदबाची पाठ ठणकत होती. 'काही नाही काकू' हे आपलेच शब्द त्याला हळूहळू ऐकू येऊ लागले, आणि कौसाचं तोंड डोळ्यांपुढं आलं. लाजेनं त्याला मान वर करवेना.

"बुवा..."

"दुखतंय?"

"दुखतंय."

बुवांनी काठी खाली ठेवली.

"शपथ मी घेतली होती, शिदबा. तोंड तुझं का मिटलं?"