चुलीच्या बागेतला पहिला घास

आमच्या शहरात तळ्याकाठी नगरपालिकेचे उद्यान आहे. फाटकावरच्या पाटीवर एका जुन्या नगराध्यक्षांचे नाव आहे, पण ते नाव सांगितले तर रिक्षावाला विचारात पडतो. 'चुलीची बाग' म्हटले की लगेच नेतो. बागेत करंजाचे एक म्हातारे झाड आहे. त्याच्याखाली लोखंडी कठड्याच्या आत तीन काळे दगड चुलीसारखे मांडलेले आहेत. तिथे कोणी विस्तव पेटवत नाही, तरी दुपारी ते दगड हाताला गरम लागतात. दुपारी तिथे ऊन येते, हेही खरे.

या चुलीवरून आमच्याकडे एक रीत पडली आहे. परक्या माणसाला खाण्याचे ठिकाण सांगायचे तर नुसते बोट दाखवून चालत नाही. सोबत जायचे, आणि पाहुण्याने ताटाला हात लावण्याआधी त्यातली भाकरी मोडून पहिला घास त्याच्यादेखत आपण खायचा. तेवढा वेळ नसेल तर गप्प राहायचे. रीत मला लहानपणापासून माहीत होती. तिची गोष्टही कानावरून गेली होती. पण नीट ऐकली ती गेल्या मे महिन्यात.

केरबानाना हे बागेचे माळी. नोकरी संपून बरीच वर्षे झाली, तरी ते रोज येतात. आईची खानावळ बागेच्या मागच्या फाटकाशी, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. नानांचा दुपारचा डबा तिथून मी नेते. त्या दिवशी गेले तेव्हा ठाण्याचे एक कुटुंब नानांच्या बाकावर बसले होते. काका, काकू आणि माझ्याच वयाची ईरा. तिचे बूट पांढरेशुभ्र होते. काका शहराची चौकशी करत होते आणि नाना आपली मते सांगत होते.

"चौकातल्या नव्या हॉटेलात खुर्च्या मऊ हायत, पुऱ्या न्हाईत."

"आणि साड्या?"

"साड्या पेठेत. पण पहिलाच भाव ऐकून हो म्हणू नका, दुकानदाराचा हिरमोड होतो. त्याला बी घासाघीस लागती."

"बाग मात्र छान ठेवलीय हं तुम्ही."

"कसली छान! झोपाळ्यावर मोठ्यांनी बसू नये म्हणून पाटी मीच रंगवली. आता मोठी माणसं झोपाळ्यावर बसून ती पाटी वाचत्यात."

सगळे हसले. मग नाना हात धुवायला नळावर गेले. तेवढ्यात ईराने मला विचारले, "त्या मागच्या फाटकाशी पत्र्याचं काहीतरी आहे ना? तिथे खूप गर्दी दिसली. चांगलं असतं का गं?"

मी तिकडे पाहिले. आई पातेल्यातले पाणी फेकायला बाहेर आली होती. पदर खोचलेला, कपाळाला काजळी. कोपराने तोंड पुसून तिने आतल्या कोणाला तरी मोठ्याने हाक मारली. ती हाक आमच्यापर्यंत आली.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी तिथे खात नाही. तुम्ही चौकातल्या हॉटेलात जा. तिथे एसी आहे."

त्या हॉटेलाची पायरी मी कधी चढलेले नाही. आणि तासाभरापूर्वीच मी आईच्या हातची पिठले-भाकरी खाल्ली होती.

नाना ओल्या हातांनी परत आले. त्यांना ऐकू आले की नाही, मला कळले नाही. काकूंनी त्यांना त्या तीन दगडांविषयी विचारले. नानांनी डबा न उघडता मांडीवर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. त्यांनी सांगितले ते मी माझ्या भाषेत लिहिते.

फार पूर्वी इथे बाग नव्हती, व्यापाऱ्यांच्या तांड्यांचा तळ पडायचा. तळ्याला लागून गावाची वेस होती. वेशीवर हैबती नावाचा वाटाड्या असे. आलेल्या तांड्याला पाणी कुठे, मुक्काम कुठे, जेवण कुठे, हे सांगणे त्याचे काम. त्याचा शब्द म्हणजे गावाचा शब्द, असे सांगतात. त्याची थोरली बहीण गोजरा. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. ती या करंजाखाली तीन दगड मांडून वाटसरूंना भाकरी करून घाली. तिच्या भाकरीला वरून तीळ लावलेले असत. तसे गावात दुसरे कोणी करत नसे. दिवसाची पहिली भाकरी ती हैबतीला देई.

पुढे हैबतीला मोठ्या व्यापाऱ्यांत मान मिळाला. डोक्याला जरीचा पटका आला. आणि झाडाखाली बसून परक्यांना वाढणाऱ्या, ठिगळाच्या लुगड्यातल्या बहिणीची त्याला लाज वाटू लागली. एकदा एका व्यापाऱ्याने विचारले, "त्या बाईची भाकरी कशी असते?" हैबती म्हणाला, "कोण जाणे. मी तिथं खात नाही."

इथे नाना थांबले आणि तळ्याकडे बघत राहिले. माझे कान तापले. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

वाटाड्याच खात नाही म्हटल्यावर कोण जाणार? तांडे गोजराच्या चुलीकडे फिरकेनासे झाले. तरी ती रोज तेवढ्याच भाकऱ्या थापत राहिली. उरलेल्या ती तळ्यातल्या माशांना घाली. भावाला तिने काही विचारले नाही. त्याची पहिली भाकरीही चुकवली नाही. आणि तोही रोज सकाळी येऊन, झाडाआड बसून, ती खात राहिला.

असेच काही महिने गेले म्हणे. मग एका तांड्याबरोबर व्यापाऱ्याची लहान मुलगी आली. हैबती वेशीवर नेहमीसारखे बोलत होता, त्या बाईकडे जाऊ नका म्हणत होता. पोरगी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, "मामा, तुमच्या मिशीला तीळ लागलेत."

सगळा तांडा हसला. गोजरा पाण्याची घागर घेऊन तिथूनच चालली होती. तिने ते ऐकले. ती झाडाखाली गेली.

हैबती तसाच वेशीवर उभा राहिला. तिच्यामागे जायला त्याला धीर झाला नाही. धीर करून गेला तेव्हा गोजरा तिथे नव्हती. चूल गरम होती. दगडावर पळसाच्या पानाखाली एकच भाकरी झाकून ठेवलेली होती, तीळ लावलेली. उद्याची त्याची भाकरी ती आजच करून गेली होती. हैबतीने घास मोडून तोंडात घातला, पण तो घशाखाली उतरेना. असे सांगतात की त्याने तिला दक्षिणेकडच्या वाटांवर फार शोधले. ती सापडली नाही. मग त्याने पटका चुलीपाशी ठेवून शपथ घेतली : यापुढे ज्या अन्नाचे नाव घेईन, त्याचा पहिला घास चार माणसांदेखत खाईन. मरेपर्यंत त्याने शपथ पाळली. पुढे गावाने ती आपली मानली. ती चूल मात्र तेव्हापासून निवली नाही, असे म्हणतात.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका म्हणाले, "मग नाना, तुम्हीच सांगा, जेवायचं कुठं?"

"गुडघं दुखत्यात माझं," नाना म्हणाले. "संगं येऊन घास खायला जमायचं न्हाई. म्हणून मी सांगणार न्हाई." आणि त्यांनी डबा उघडला. बागेत आईच्या पिठल्याचा वास पसरला.

मी उठले. "चला," म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावे लागले.

मागच्या फाटकाशी आल्यावर ईरा म्हणाली, "अगं, पण तू तर म्हणालीस की..."

"खोटं बोलले."

आईने पाहुण्यांना बाकडे पुसून दिले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तनू, पोचला का गं डबा नानांचा?" ईराने आधी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

ताटे आली. मी ईराच्या ताटातली भाकरी मोडली.

"अगं, पाहुण्यांच्या ताटात हात कसला..." म्हणता म्हणता आई थांबली. मग तिचा चेहरा उजळला. काजळीच्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारून तिने साऱ्या खानावळीला ऐकू जाईल असे सांगितले, "माझ्या लेकीनं आणलंय पाव्हण्यांना! सांगून आणलंय!"

तो घास गिळायला मला फार वेळ लागला.

आजही आमच्या शहरात सांगणारा आधी खातो. आजही आई त्या दुपारची गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगते, आणि मी तिला अजून खरे सांगितलेले नाही. आजही करंजाखालचे ते तीन दगड दुपारी गरम लागतात असे लोक म्हणतात. मी रोज डबा घेऊन तिथून जाते. हात लावून पाहत नाही.