चांदीच्या पेटीतला राउटर

सकाळपासून आबांचा फोन एकदाही वाजला नव्हता.

वेणूला ते खटकलं. तिचे आबा, म्हणजे भिवाजी, कांचनगडच्या राजवाड्यातले आचारी. महाराज जागे झाले की त्यांच्या फोनवर हुकुमांची नुसती रीघ! भाकरी पातळ थापा. पापड तळू नका, भाजा. नको, तळाच! रोज वीस-पंचवीस वेळा टुणटुण व्हायचं आणि आज चिडीचूप.

"आबा, फोन बिघडला का हो?"

"बिघडू दे! खंडेनवमीचा सण आहे, महाराज पूजेत असतील. तेवढाच जिवाला आराम," असं म्हणत आबांनी मटणाच्या रश्श्यात लाल तिखटाची आणखी एक मूठ सोडली.

वेणू सुट्टीला घरी आली होती. कॉलेजात शिकलेली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी! त्यामुळे दुपारी पंगतीतून "अगं आई गं!" अशी राजेशाही किंकाळी आली, तेव्हा तिच्या हातून पळीच सुटली.

महाराज एका पायावर नाचत होते. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी!

"भिवाजी! आमचं तोंड आलंय, रस्सा बिनतिखटाचा करा, असा हुकूम सकाळीच धाडला होता!"

"सरकार, मला नाही मिळाला."

"मिळाला नाही? राजाचा हुकूम पोचत नाही म्हणजे काय? तू तो मोडलास! दिवस मावळायच्या आत गड उतर!"

आबांनी कमरेचा पंचा सोडला, घडी करून चुलीपाशी ठेवला आणि ते बोचकं बांधायला गेले. तीस वर्षांची चूल होती ती!

वेणू तडक दरबारात गेली. आत पाऊल टाकताच कारण तिच्या डोळ्यांसमोर आलं. गडावर टॉवरची रेंज नाही. सगळ्यांचे फोन चालतात ते दरबारातल्या एका राउटरवर. आज पहाटे तलवारी-भाल्यांसोबत त्या राउटरचीही पूजा झाली होती. नजर लागू नये म्हणून महाराजांनी त्याला चांदीच्या जाड पेटीत बसवलं होतं, वर झाकण आणि झाकणावर झेंडूचा हार! पेटी सिंहासनाला खेटून होती, म्हणून महाराजांच्या फोनला थोडीफार रेंज मिळत होती. जाड चांदीतून ती मुदपाकखान्यापर्यंत कुठली पोचणार?

"महाराज, त्या पेटीमुळे..."

"पेटीला हात लावायचा नाही!" महाराज सिंहासनावरून गरजले. वेणू टुणकन उडाली. "पूजेतल्या वस्तूला पूजा हलवेपर्यंत कुणी शिवत नाही. ती हलणार उद्या, दसऱ्याला!"

"आणि महाराजांचा हुकूम पोचत नाही, हे बोलणंसुद्धा पाप," दारातून दिवाणजींनी री ओढली. "मला तर प्रत्येक हुकूम जागच्या जागी मिळतो!"

महाराजांना हुरूप आला. "ऐक पोरी. पेटीला हात न लावता आणि हुकूम पोचला नाही असं तोंडाने न म्हणता, तुझा बाप निर्दोष आहे हे दाखव. नाही जमलं तर तूही गड उतर!"

वेणूने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"महाराज, मोडावासा वाटेल असा हुकूम लोक मोडतात. कुणीच मोडणार नाही असा एक हुकूम द्याल का? तोंडाने नको, फोनवरूनच."

"म्हणजे कसला?"

वेणूने पुढे होऊन हळूच सांगितलं. महाराजांनी मिशीला पीळ दिला आणि गडाच्या ग्रुपवर लिहिलं: 'जो सर्वांत आधी दरबारात हजर होईल, त्याला आमच्या हातातलं सोन्याचं कडं!'

ग्रुपात एकशे बारा माणसं होती. महाराज दाराकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. खिडकीतून पागा दिसत होती. मोतद्दार घोड्याला खरारा करत निवांत जांभई देत होता!

"अरे, सोनं नको का कुणाला?" महाराज फोन हलवू लागले. "एकच टिक? अजून एकच?"

"सोनं कसलं, महाराज?" दिवाणजींनी दारातून विचारलं.

महाराजांनी फोनकडे बघितलं, दिवाणजींकडे बघितलं, वेणूकडे बघितलं. ती एक अक्षर बोलली नव्हती! त्यांच्या मिशा थरथरल्या.

"पूजा आम्ही मांडली, आम्हीच हलवतो!" त्यांनी अक्षता टाकल्या, हार काढला, झाकण उघडलं.

टुण! दिवाणजींचा खिसा वाजला. त्यांनी वाचलं आणि धोतर सावरत सिंहासनापाशी झेप घेतली. "पहिला मी, महाराज! कडं माझं!"

"छान! हुकूम जागच्या जागी मिळतो ना तुम्हाला?"

"आणि पहिली मी आहे, महाराज," वेणू चाचरत म्हणाली. "हुकूम सुटायच्या आधीपासून हजर आहे!"

महाराज हसले. तोंड आलेलं, हसताना झोंबत होतं, तरी पोट धरून हसले! कडं वेणूच्या हातात पडलं. "भिवाजीची चूल भिवाजीची! आणि आजपासून राउटरची पूजा कशी मांडायची ते तू ठरवायचं!"

तेवढ्यात दरबारात लोंढा घुसला. मोतद्दार, माळी, परटीण, अर्धी दाढी झालेला सेनापती! आबा मात्र त्यात नव्हते. गड उतरले तर नसतील? वेणूने फोन लावला. रिंग वाजली. पुन्हा वाजली. वाजतच राहिली.

मग खाडकन आवाज आला, आणि जोरजोरात धापा.

"हॅलो! पळतोय गं वेणू, महादरवाजातून उलटा पळतोय! कडं कुणी नेलं तर नाही ना?"