पत्रावरचं नाव

“...मग माणसं बोलत का नाहीत, अप्पा?”

मठाच्या ओसरीवर बसून अभिनंदन मगदूम विचारत होता. पंपांच्या मोठ्या कारखान्याचा तो व्यवस्थापक. समोर सिद्रामअप्पा झेंडूची रोपं निवडत होते. एके काळी त्याच कारखान्यात ते ओतकामाचे मिस्त्री होते आणि अभिनंदन त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आता ते मठाची बाग बघत.

अभिनंदनने सगळं सांगितलं. नव्या कल्पनांसाठी पेटी लावली, ती रिकामीच. दर शनिवारी सगळ्या विभागांची एकत्र बैठक घेतो, तर चहा पिऊन सगळे गप्प. बक्षीस जाहीर केलं, तरी तेच. इतक्या वर्षांत कारखान्यात नवं काही सुचलं असेल तर ते आपल्याला एकट्यालाच, असंही तो बोलून गेला.

अप्पा ऐकत होते.

“आणि हे एक पत्र. भाषा तेवढी बघून द्या.”

रुक्साना मुल्लाला कामावरून कमी केल्याचं ते पत्र होतं. पंपाचा भाग ओतताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. रुक्साना ते गाभे करायची. जेवणाच्या सुट्टीत भट्टीवरच्या एकाशी बोलून, वर कुणाला न विचारता, तिने गाभ्यातली वाफ निघायला वेगळ्या तऱ्हेने भोकं पाडली. एकतीस नग वाया गेले.

“जेवताना ठरवलं त्यांनी?” अप्पांनी विचारलं.

“हो.”

“ती एका विभागातली, तो दुसऱ्यातला?”

“हो...”

अप्पांनी हात धोतराला पुसले. पेन मागितलं. रुक्सानाचं नाव खोडलं आणि तिथे सावकाश लिहिलं, सिद्राम बसाप्पा कोरे.

“हे काय, अप्पा?”

“बावीस वर्षांपूर्वी या नावाने पत्र निघालं होतं.”

अभिनंदनला काही कळेना.

मग अप्पांनी सांगितलं. अभिनंदन तेव्हा नवा होता. गाभे नंतर सहज फुटून निघावेत म्हणून त्याने वाळू घट्ट धरून ठेवणारी काकवी कमी घातली. लोखंड ओतताच गाभे ढासळले, चाळीस नग भंगारात गेले. मालकांनी विचारलं, तेव्हा अप्पा पुढे झाले. वाळू मी कालवली, ओली राहिली, माझंच चुकलं, म्हणाले. त्यांना तीन महिने घरी बसवलं.

“पण तेव्हा तर तुमचा गुडघा...”

“गुडघा चांगला होता. तू पपई घेऊन बघायला आलास. गोड होती पपई.”



वाळू ओली होती, असंच अभिनंदनला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याने ते खरं मानलं आणि त्याच तीन महिन्यांत काकवीचं प्रमाण पुन्हा पुन्हा बदलून पाहिलं. शेवटी जमलेलं प्रमाण आजही कारखान्यात चालत होतं. त्याच्याच जोरावर तो व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत पोचला होता. एकट्याच्या जोरावर, असं तो आजवर समजत आला होता.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू पुढचा गाभा करत होतास. मध्ये कशाला बोलायचं?”



अभिनंदनने पत्र फाडलं. उद्या सकाळी स्वतः रुक्सानाकडे जातो, म्हणाला. भट्टीवरच्या त्या माणसालाही तिथेच बोलावतो, तिघं मिळून पुन्हा भोकं पाडून बघतो. त्याने अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. लवकर उचललं नाही.

“तुमचे आभार कसे मानू, अप्पा?”

अप्पांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

“मला नको विचारू. मी नवा असताना माझी चूक कुणी अंगावर घेतली, ते मला अजून कळलेलं नाही.”