प्रधानजींची वीस वर्षांची उष्णता

तांबुळगडच्या राजाने चाळीस विणकरांसाठी घरं बांधायला काढली. विहिरी खणणाऱ्या भागाक्काने सुचवलं, "सगळ्या घरांखाली एकच खोल भुयार खणू. खापराच्या नळांतून उन्हाळ्यात गारवा वर येईल, थंडीत ऊब."

प्रधान उसळले. "महाराज, चाळीस घरांनी ओढला तर जमिनीतला गारवा संपेल! राजवाड्याचं तळघर तापेल!"

राजाने घाबरून काम थांबवलं.

भागाक्काने विचारलं, "प्रधानजी, तळघरात दुपारचे किती वर्षं झोपताय?"

"वीस! तापलेला उतरतो, गार होऊन वर येतो."

"म्हणजे तुमची वीस वर्षांची उष्णता खालीच पडलीय. हे टोपलं घ्या, आधी ती उपसून आणा. मग आमच्या घरांचं बघू."

राजा हसत म्हणाला, "प्रधानजी, उतरा. भागाक्का, कुदळ घे."