झिपऱ्याचा हेवा

शुद्धलेखन चुकलं तर पोटात घाला, शब्दही माझे साधेच आहेत.

जनावरं माणसांच्या माघारी बोलत, त्या काळी गेनू कुंभाराकडे झिपऱ्या नावाचा कुत्रा होता. एकदा गेनूने वीटभट्टीवर मार खाऊन खाऊन भित्रा झालेला एक म्हातारा कुत्रा घरी आणला. झिपऱ्याला गेनू लांबूनच भाकरीचा तुकडा फेकायचा. म्हाताऱ्यापुढे मात्र मातीच्या परळात भाकरी कालवून ठेवायचा आणि पाठ फिरवून बसायचा. झिपऱ्याचा जळफळाट झाला. तिसऱ्या दिवशी त्याने म्हाताऱ्याचं परळ चाटूनपुसून साफ केलं.

“पाहुणे, लाड पुरे झाले!” तो गुरगुरला. “मला तर नुसतं फेकतात.”

म्हातारा भिंतीला चिकटला. “फेकतात, अन् तू हवेत झेलतोस, दादा. मलाही झेलावंसं वाटतं. पण माणसाचा हात वर गेला की मला काठीच दिसते, अन् डोळे मिटतात.”

आपलाही कोणी हेवा करत असेल, हे झिपऱ्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनूने तुकडा फेकायला हात उचलला, तेव्हा झिपऱ्याने उडी मारली नाही. तो म्हाताऱ्याला अंग टेकून बसला आणि तुकडा दोघांच्या पुढ्यात पडू दिला.